अभ्यासक्रमास पात्र रुग्ण

माणसाचं पोट फाडून परत शिवल्यानंतर तो माणूस कोणाचा, हा प्रश्न आमच्या सुरतेत बरीच वर्षं अनिर्णित होता.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणत, शेवटचा टाका पडला की माझा संबंध संपला. भूल देणारे म्हणत, रुग्णानं डोळे उघडून स्वतःचं नाव सांगितलं की माझा संपला. औषधांचे डॉक्टर म्हणत, फाडताना मला विचारलं होतं का? मग आता कशाला विचारता? तिघांचंही म्हणणं बिनतोड असल्यामुळे रुग्ण बहुधा ऑपरेशन थिएटर आणि वॉर्ड यांच्या मधल्या बोळात स्ट्रेचरवर पडून राही. त्यातले काही आपले आपण बरे होत. काही होत नसत. दोन्ही बाबतींत डॉक्टरांना बोल लावता येत नसे, कारण ते तिथे नसत.

हा प्रश्न कायमचा सोडवण्याचा मान उधना बाजूच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयाला जातो. नाव सांगत नाही. त्यांची मंडळी अजून हयात आहेत आणि मीही. चौऱ्याण्णवचं प्लेगचं साल नुकतंच होऊन गेलं होतं. शहर असं झाडून-पुसून लख्ख झालं होतं, की लिंबायतमध्येसुद्धा कचरा टाकायला जागा शोधावी लागे. प्रत्येक संस्थेला आता काहीतरी 'गुजरातमां पहेलुं' करून दाखवायचं होतं. रुग्णालयाचे मुख्य विश्वस्त मगनभाई साड्यांचे व्यापारी. त्यांनी सभेत सरळ धंद्याची गोष्ट सांगितली.

"कापड विणनारा वेगळा, रंगवनारा वेगळा, घडी करनारा वेगळा. तर पोट फाडनाऱ्याच्या पछी घडी करनारा डॉक्टर वेगळा नको?"

टाळ्या झाल्या. अशा रीतीनं शस्त्रक्रियोत्तर अतिदक्षता तज्ज्ञ घडवण्याचा अभ्यासक्रम सुरू झाला. सहा खाटांचा थंडगार विभाग बांधला. प्रत्येक खाटेशी हिरव्या रेघांचं यंत्र ठेवलं. तरुण डॉक्टरांची तुकडी निवडली आणि शिकवण्याची जबाबदारी डॉ. ललित यांच्यावर सोपवली. ते पोटाचे सर्जन असल्यामुळे शेवटच्या टाक्यानंतर काय होतं याची त्यांना काहीही माहिती नव्हती, पण विभाग त्यांच्या मजल्यावर होता.

पहिलीच अडचण रुग्णांनी आणली.

अभ्यासक्रमाला मान्यता देणाऱ्या मंडळानं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून दिलं होतं. सोमवारी श्वास, मंगळवारी रक्तदाब, बुधवारी मूत्रपिंड. रुग्ण ते पाळेनात. बुधवारी ज्याच्या मूत्रपिंडावर व्याख्यान ठेवावं, तो मंगळवारीच उठून चहा मागू लागे. दुसरा एक, ज्याचा श्वास सगळ्या वर्गाला दाखवायचा होता, तो रविवारी अभ्यासक्रम अर्धवट टाकून कायमचा निघून गेला. डॉ. ललित यांनी विश्वस्तांना कळवलं, 'रुग्ण प्रशिक्षणास सहकार्य करीत नाहीत.' मंडळानंही बजावलं, की खाटेवरचा रुग्ण पूर्ण सत्रभर गंभीर आणि स्थिर असलाच पाहिजे. नाहीतर मान्यता विसरा.

असा आजार वैद्यकशास्त्राला ठाऊक नव्हता. मगनभाईंना होता.

"साहेब, सॅम्पल पीस कोन विकतो का? तो दुकानात लटकवायचा असतो. तुमी सॅम्पल पेशंट ठेवा."

विचार केला तर त्यात खोटं काही नव्हतं. वर्षभर गंभीर राहण्याची ताकद फक्त निरोगी माणसातच असते.

आता निरोगी माणसं आणायची कुठून? ती लिंबायत, पांडेसरा, बमरोली इथे पाहिजे तेवढी होती. सुरतेत लूमच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी सरसकट रविवारी नसते. वीज मंडळ एकेका भागाची वीज एकेका वारी बंद ठेवतं, आणि त्या वारी त्या भागाला रजा. त्यामुळे कोणत्या वारी कोणत्या वस्तीतली माणसं गंभीर व्हायची, हेही वीज मंडळच ठरवू लागलं. शनिवारी लिंबायतला लूम बंद, की शनिवारी लिंबायतवाले अत्यवस्थ. बायकांना वीज मंडळाची रजा नसते, म्हणून आम्हाला कायम ठेवलं. मी दोन नंबरच्या खाटेवर होते.

मला तिथे नेलं आमच्या गल्लीतल्या शोभाबाईनं. ती त्या रुग्णालयात आया होती. मगनभाईंनी माझी मुलाखत घेतली.

"सरस्वतीबेन, हलल्याविना पडून राहता येईल?"

"सासरी वीस वर्षं काढलीत. येईल."

"कोई टोचलं, दाबलं, तर बोलायचं नाय."

"सांगितलं ना, सासरी वीस वर्षं काढलीत."

मग त्यांनी अटी सांगितल्या. दुपारचं जेवण रुग्णालयाचं. आणि घरात कोणाला काही झालं, तर या विभागातली पहिली खाट आमच्या माणसाची. मी हो म्हटलं ते या दुसऱ्या अटीसाठी. आमचे मालक रघुनाथराव पारोळ्याहून सुरतेला आले तेव्हापासून लूमवर. कारखान्याला इथे 'खातं' म्हणतात. खात्यात उभ्या उभ्या चहा, वर तंबाखू, आणि जेवण जमलं तर. पोटातली आग ते सोडा पिऊन विझवत. मला रोज वाटे, एक दिवस हे पोट दगा देणार. तेव्हा बोळातलं स्ट्रेचर तरी नशिबी यायला नको.

अहाहा, काय दिवस होते ते! लिंबायतच्या पत्र्याखाली ज्यानं वैशाख काढलाय, त्यालाच अतिदक्षता विभागाचं मोल कळेल. सकाळी घरचा स्वयंपाक उरकून मी अत्यवस्थ व्हायला निघे. तोंडावर मास्क, नाकाशी चिकटपट्टीनं लावलेली नळी, डोक्याशी यंत्राची टिकटिक. पायाशी पाटी : गंभीर. शेजारच्या खाटेवर यवतमाळकडचा आनंदा. तो रात्रपाळी करून थेट येई आणि पडल्या पडल्या घोरू लागे. त्याला बेशुद्धावस्थेसाठी घेतलं होतं.

शिकाऊ डॉक्टरांत दोघं माझ्या वाट्याला. एक अमोल, लिंबायतमध्येच वाढलेला. आमच्याशी मराठी बोललं की आपण लहान होतो असं वाटून सगळ्यांशी गुजराती बोलणारा. दुसरी हर्षदा, नवसारीची. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि गोंधळली.

"सर, मासीची नाडी तर चांगली आहे."

डॉ. ललित शांतपणे म्हणाले, "पाटीवर काय लिहिलंय?"

"गंभीर."

"मग रुग्ण कसा आहे?"

"गंभीर. पण सर, नाडी..."

"रुग्ण गंभीर, आणि तरी नाडी चांगली. याचा अर्थ काय?"

अमोलनं हात वर केला. "सर, आपले उपचार लागू पडताहेत."

"शाब्बास."

वर्गानं हे वहीत उतरवून घेतलं. असं त्यांचं शिक्षण पुढे पुढे गेलं. गंभीर रुग्णाची जीभ ओली आणि गुलाबी असते. हात कोमट असतात. साडेबारा वाजले की त्याला भूक लागते. चार वाजता तो चहाची चौकशी करतो. आनंदाच्या तळव्याला कोणीतरी पेन्सिल लावली तेव्हा तो झोपेत हसला; अमोलनं लिहिलं, 'बेशुद्धावस्थेत रुग्ण प्रसन्न असतो.' हा त्याचा निबंध पुढे बडोद्याच्या परिषदेत वाचला गेला.

विभागातला मृत्युदर शून्य झाला. वर्तमानपत्रात जाहिरात आली. लोक लांबून लांबून पोट फाडून घ्यायला येऊ लागले. फाडल्यावर त्यांना बोळातच ठेवत, कारण सहाही खाटांवर गंभीर रुग्ण होते. आणि शिवाय त्यांना आत घेतलं असतं तर शून्य बिघडलं असतं.

मला एकच त्रास झाला, तो माणसांचा. गावच्या कोणीतरी मला काचेतून पाहिलं आणि बातमी भुसावळ पॅसेंजरनं खानदेशात पोचली. माझा भाऊ विठ्ठल पिशवी घेऊन आला. मी मास्कमध्ये. काचेबाहेर तो हमसून रडायला लागला तेव्हा हर्षदानं त्याला आत सोडलं. मला राहवेना. मी मास्क जरा उचलला.

"विठ्ठल, रडू नको. मी बरी आहे रे."

तो धावत अमोलकडे गेला. "डॉक्टरसाहेब, बहीण बोलली! बरी आहे म्हणते!"

अमोल म्हणाला, "शेवटी शेवटी असंच बोलतात."

विठ्ठलनं पिशवीतून हिरवं लुगडं काढून नीट घडी बघून परत आत ठेवलं. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालायचं असतं. भाऊ तयारीनं आला होता. संध्याकाळी मी सुटून घरी आले तर हा ओट्यावर बसलेला. मला चालत येताना पाहून आधी किंचाळला, मग खूप हसला. मी म्हटलं, "आणलंयस तर दे ते लुगडं." म्हणाला, "अक्का, हे असं आधी देत नाहीत," आणि पिशवी काखेत मारून पहिल्या गाडीनं पारोळ्याला गेला.

मग परीक्षेचा दिवस आला. मान्यता देणाऱ्या मंडळाचे दोन परीक्षक बाहेरगावाहून आले होते. परीक्षा पार पडली की मान्यता मिळणार होती. मगनभाई रेशमी झब्बा घालून दारात उभे. आम्ही सहाजण सकाळपासून कमालीचे गंभीर. परीक्षक पाच नंबरच्या खाटेशी असताना शोभाबाई फरशी पुसत माझ्यापाशी आली आणि वाकून म्हणाली,

"सरस्वतीबाई, हलू नका. तुमच्या मालकांचं पोट फुटलं. खात्यावरच्या पोरांनी रिक्षात घालून आणलं. ललितसाहेबांनी ऑपरेशनला आत घेतलंय."

मी हलले नाही. आत होते म्हणजे हातात होते. एक गोष्ट खरी, डॉ. ललितांचा हात सोन्याचा होता, शेवटच्या टाक्यापर्यंत. त्यांनी अल्सरचं भोक शिवलं, हात धुतले आणि परीक्षकांजवळ येऊन उभे राहिले. थोड्या वेळानं शोभाबाई परत आली.

"बोळात ठेवलंय. रंग बरा दिसत नाही हो."

मी उठून बसले.

मगनभाई धावत आले. दबक्या आवाजात म्हणाले, "बेन! सुई जाओ! पडून ऱ्हा!"

"मगनभाई, पहिली खाट आमच्या माणसाची म्हणाला होतात."

"आपीश, बेन, नक्की देईन. पन खाली तर व्हायला पायजे ने?"

"माझी घ्या. ही झाली खाली."

"तुमी सिरियस छो! सिरियस माणसाला उठवून तिची खाट दुसऱ्याला देऊ? काय माणुसकी आहे का नाय?"

"मग आनंदाला उठवा."

"त्याला तर शुद्ध नाय!"

आवाज ऐकून मोठे परीक्षक वळले. दार उघडं होतं. बोळातलं स्ट्रेचर त्यांना दिसलं. ते खूश झाले. म्हणाले, "उत्तम. विद्यार्थ्यांनी पूर्वी न पाहिलेला रुग्ण परीक्षेत असायलाच हवा. याच्यावर प्रश्न विचारू." आणि सगळा लवाजमा बोळात गेला. मी खाटेवर बसून उघड्या दारातून पाहत होते.

आधी अमोल. त्यानं रघुनाथरावांना वरपासून खालपर्यंत तपासलं. सफाईनं, भराभर.

"सर, जीभ कोरडी. हात थंड, ओले. ओठ पांढरे. नाडी नीट सापडत नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. जेवणाची चौकशी नाही, चहाची नाही."

"मग?"

"गंभीर रुग्णाचं एकही लक्षण नाही, सर."

"निदान?"

"ढोंग करतोय."

परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना डोलावल्या. इतकं स्पष्ट उत्तर त्यांना दुसऱ्या कुठल्याही केंद्रात मिळालं नव्हतं.

मग हर्षदा. तिनं मनगटावर बोटं ठेवली, आणि काढलीच नाहीत.

"बोला, डॉक्टर."

"सर, मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"याला काय होतंय ते. असा पेशंट आम्हाला कधी दाखवलाच नाही. पण सर, हा माणूस चाललाय."

"माहीत नाही या उत्तराला गुण नसतात," परीक्षक म्हणाले.

मी नाकाची नळी ओढून काढली आणि खाली उतरले. "आनंदा, ऊठ!" त्याला हलवलं. तो उठला, भांबावून म्हणाला, "पाळी बदलली का?" बाकीच्याही उठल्या. माझ्या खाटेला चाकं होती. आम्ही सहा अत्यवस्थ माणसांनी ती ढकलत बोळात नेली, रघुनाथरावांना अलगद उचलून तिच्यावर घातलं आणि ढकलत परत आत आणली. सुटलेल्या यंत्रांची बोंब चालू होती. मगनभाईंनी डोळे मिटून घेतले.

मोठे परीक्षक थक्क होऊन पाहत राहिले. मग त्यांचे डोळे भरून आले.

"एकाच वेळी सहाही रुग्ण बरे! चालूसुद्धा लागले! डॉ. ललित, माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे मी पाहिलं नव्हतं."

डॉ. ललित विनयानं म्हणाले, "आमच्या विद्यार्थ्यांची मेहनत."

मान्यता जागच्या जागी मिळाली. मगनभाईंनी डोळे उघडले आणि सुरतेची खास मिठाई, घारी, मागवली. सगळे जेवायला गेले. जेवणानंतर तोंडी परीक्षा होती.

विभागात राहिलो आम्ही आणि हर्षदा. तिनं शोभाबाईला डॉक्टरांना बोलवायला जेवणाच्या दालनात पाठवलं. डॉ. ललितांनी सांगितलं, टाके पडले, माझा संबंध संपला. भूल देणाऱ्यांनी विचारलं, नाव सांगितलं का त्यानं? नसेल तर सांगेपर्यंत थांबा. औषधांच्या डॉक्टरांनी काही विचारलं नाही. त्यांच्या तोंडात घारी होती.

हर्षदा खाटेच्या कडेला बसली. एक हात नाडीवर, दुसऱ्या हातानं जाडजूड पुस्तकाची पानं उलटत होती. पान सापडलं की मला वाचून दाखवी, जणू मला कळणार होतं. "मासी, पाय वर करा त्यांचे. शोभाबेन, ती मोठी बाटली लावायला घ्या. नाही, ही नाही, दुसरी." वर्षभर पाणी टोचून घेतलेल्या आम्हा बायकांना पहिल्यांदाच त्या बाटलीतून कोणाच्या तरी अंगात काहीतरी खरं गेलेलं दिसलं. खालून तिच्या नावाचा पुकारा झाला. तिनं मान वर केली नाही. परत झाला. मी म्हटलं, "जा बेटा, परीक्षा आहे तुझी." ती म्हणाली, "मासी, बोट काढलं तर परत सापडणार नाही."

दिवेलागणीला रघुनाथरावांचे हात जरा कोमट झाले. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि अहिराणीत विचारलं, "तू आठे काय करी ऱ्हायनी? घर कोन शे?" तेव्हा मी समजले, माणूस परत आला.

निकाल लागला. अमोल पहिला. हर्षदा नापास. कारणही दिलं होतं : उमेदवार तोंडी परीक्षेस गैरहजर; चौकशीअंती सदर वेळी रुग्णाजवळ आढळली.

अमोलनं पुढे मोठ्या रस्त्यावर काचेचं रुग्णालय काढलं. आत थंड, बाहेर रांग. हर्षदानं पुन्हा परीक्षा दिली नाही. बमरोलीला चाळीच्या तोंडाशी एक खोली घेतली. एक बाकडं, एक खाट.

नव्व्याण्णव साली रघुनाथरावांचं पोट परत दुखायला लागलं. मी म्हटलं, हर्षदाबेनकडे चला.

"माले तिनाकडे नही जानं."

"अहो, तिनं वाचवलंय तुम्हाला."

"वाचाडं ते खरं. पन ती नापास व्हयेल शे ना!"

ते अमोलकडे गेले. त्यानं सफाईनं, भराभर तपासलं आणि गंभीर काहीच नाही म्हणून सांगितलं. रघुनाथराव समाधानानं घरी आले. काय तो गारवा, काय त्या खुर्च्या, म्हणून गल्लीभर सांगत सुटले. चौथ्या दिवशी मी त्यांना रिक्षात घालून बमरोलीला नेलं. बेशुद्ध होते म्हणून नकार देता आला नाही. हर्षदाबेननं मनगट धरलं, आणि ते अजून आहेत. शुद्धीत असते तर आलो नसतो, असं आजही म्हणतात.

तुमच्या घरीही पोट असलेली माणसं असतील. पत्ता हवा असला तर सांगते. दवाखाना दोन्ही वेळ उघडा असतो, गर्दी नसते, आणि ती मनगट धरते ते लवकर सोडत नाही. पुष्कळांना सांगितला आजवर. सगळ्यांनी मन लावून ऐकलं, माना डोलावल्या, आणि शेवटी तेच विचारलं, जे आत्ता तुमच्याही मनात आलं : "पण मावशी, नंतर तरी त्या पास झाल्या का?"